राष्ट्रचिन्हातून कोलंबस पायउतार: त्रिनिदाद-टोबॅगोतला एक आठवडा

सोमवार, पोर्ट ऑफ स्पेन

कॅरिबियन एअरलाइन्सच्या विमानाच्या शेपटावर हमिंगबर्ड रंगवलेला असतो. न्यूयॉर्कहून पाचेक तासांत पिआर्को विमानतळावर उतरलो, पैसे बदलून घेतले, तर वीस डॉलरच्या नोटेवर पुन्हा हमिंगबर्ड. एक डॉलरच्या नोटेवर लाल शराटी, म्हणजे स्कार्लेट आयबिस. दहाच्या नोटेवर कोक्रिको नावाचा कोंबडीएवढा तपकिरी पक्षी, आणि पंचवीस सेंटच्या नाण्यावर चाकोनियाचं फूल. "अगं, हे चलन आहे की पक्षीनिरीक्षकाची वही?" नवरा म्हणाला. तो आला होता क्रिकेटचं मैदान बघायला. मला मात्र देशांच्या झेंड्यांचा आणि मुद्रांचा जुना नाद आहे, आणि त्या बाबतीत सध्या या देशाइतका मजेशीर देश दुसरा नसेल.

कारण इथली राष्ट्रचिन्हं अजून पक्की झालेली नाहीत. म्हणजे १९६२ मध्ये झाली होती. मग लोकांनी ती हळूहळू दुरुस्त करायला घेतली.

दुपारी रेड हाउसपाशी गेलो. ही संसदेची इमारत. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली तेव्हा, १८९७ मध्ये, तिला लाल रंग फासला आणि तो नावासकट चिकटला. १९६२ च्या ३० ऑगस्टच्या मध्यरात्री इथेच ब्रिटिशांचा झेंडा उतरला आणि नवा चढला: लाल जमीन, आणि तिच्यावरून तिरका गेलेला, पांढऱ्या काठांचा काळा पट्टा. अधिकृत अर्थ असा की लाल म्हणजे अग्नी, पांढरा म्हणजे पाणी, काळा म्हणजे पृथ्वी. पंचमहाभूतांपैकी तीन तर इथेच भेटली. शिवाय लाल म्हणजे सूर्याची ऊब आणि लोकांचं धाडस, पांढरा म्हणजे समुद्र आणि माणसामाणसांतली समानता, काळा म्हणजे एकजूट. सरकारी अर्थ कुठल्याही देशाचे वाचा, असेच गोड असतात. मला आवडली ती झेंड्याची रचना. आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या गर्दीत हा तिरका पट्टा लांबूनही ओळखू येतो.

खरी गंमत राष्ट्रचिन्हात आहे. ते ठरवणाऱ्या समितीत कार्लाइल चँग हे चित्रकार होते आणि जॉर्ज बेली हे कार्निव्हलमधली पथकं सजवणारे कलावंत. त्यामुळे चिन्ह चांगलंच भरगच्च आहे. मधली ढाल झेंड्याच्याच रंगांची: वर काळ्यावर दोन सोनेरी हमिंगबर्ड, खाली लालवर, आत्ता-आत्तापर्यंत, तीन सोनेरी गलबतं. ढालीच्या एका बाजूला लाल शराटी, तो त्रिनिदादचा. दुसऱ्या बाजूला कोक्रिको, तो टोबॅगोचा. शराटीच्या पायाखाली तीन डोंगरशिखरं. माथ्यावर सोनेरी शिरस्त्राण, जहाजाचं सुकाणूचक्र आणि नारळांनी लगडलेलं माडाचं झाड. हा माड टोबॅगोच्या जुन्या वसाहती शिक्क्यातून आला. सगळ्यात खाली ब्रीद: एकत्र आकांक्षा धरू, एकत्र साध्य करू.

ती तीन गलबतं कोलंबसाची: सांता मारिया, पिंटा आणि निन्या. ३१ जुलै १४९८ रोजी, तिसऱ्या सफरीत, त्याला हे बेट दिसलं. तीन शिखरं बघून त्याला ट्रिनिटी (ख्रिस्ती धर्मातलं पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य) आठवली आणि बेटाचं नाव पडलं. (ती तीन गलबतं त्याच्या पहिल्या सफरीतली, इथे ती कधी आलीच नाहीत. समितीने तेवढं चालवून घेतलं असावं.) बासष्ट वर्षं गलबतं ढालीवर राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान कीथ रौली यांनी पक्षाच्या अधिवेशनात जाहीर केलं की कोलंबसाची जहाजं जाणार आणि तिथे स्टीलपॅन, म्हणजे तेलाच्या पिंपातून घडवलेलं इथलं वाद्य, येणार. २०२५ च्या सुरुवातीला संसदेत तो बदल मंजूर झाला.

त्रिनिदादमध्ये टॅक्सीवाल्याला मत विचारावं लागत नाही. आमचा म्हणाला की जहाजं गेली हे बरंच झालं, पण त्या खर्चात त्याच्या गल्लीतले खड्डे बुजले असते. पुढच्या सिग्नलला त्यानेच विचारलं, "आणि राणीचं शिरस्त्राण का ठेवलं?" ते सोनेरी शिरस्त्राण ब्रिटनच्या राणीचं प्रतीक म्हणून बसवलेलं आहे, आणि देश प्रजासत्ताक होऊन १९७६ पासून इतकी वर्षं झाली. कोलंबस उतरला, राणी अजून वर आहे. मला उत्तर देता आलं नाही. त्यालाही ते नको होतं, बोलायचं होतं.

मंगळवार, ओव्हल आणि पॅनयार्ड

सकाळ नवऱ्याची. क्वीन्स पार्क ओव्हल हे मराठी माणसासाठी तीर्थक्षेत्रच आहे, यावर आमच्या घरात वाद नाही. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने इथे वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. दिलीप सरदेसाईंचं शतक, आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या सुनील गावसकरांच्या ६५ आणि नाबाद ६७ धावा. एप्रिलमध्ये याच मैदानावर त्यांनी १२४ आणि २२० केल्या. त्यांच्यावर इथल्या एका गायकाने कॅलिप्सो रचला आणि तो बेटभर गाजला. आपल्याच संघाला हरवणाऱ्या परक्या पोरावर गाणं रचणारे लोक. मैदानामागे उत्तरेचे हिरवे डोंगर दिसतात. नवरा बराच वेळ कुठल्या टोकाकडून कोण गोलंदाजी करत असेल ते मला समजावत होता. मी मान हलवत होते.

माझं लक्ष रस्त्यापलीकडे होतं. याच ट्रॅगरेट रोडवर, मैदानासमोर, इन्व्हेडर्स हे नामांकित स्टीलबँड वाढलं. एली मॅनेट हा पॅन घडवणारा थोर कारागीर त्यांचा. म्हणजे नव्या ढालीवरचं वाद्य ज्या मोजक्या आवारांत आकाराला आलं त्यांपैकी एक आवार इथलं.

पॅनची गोष्ट सरळ नाही. १८८० च्या दशकात, कार्निव्हलमध्ये पोलीस आणि लोक यांच्यात चकमकी झाल्यावर, इंग्रजांनी आफ्रिकी लोकांच्या ढोलांवर बंधनं आणली. लोकांनी बांबू कापले आणि जमिनीवर आपटून ताल धरला. त्याला टॅम्बू-बँबू म्हणत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस बांबूच्या जागी बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या पिंपांची झाकणं आली. महायुद्धात कार्निव्हल बंद होता. युद्ध संपल्यावर लोक डबे घेऊन रस्त्यावर उतरले तेव्हा त्या डब्यांतून सूर निघू लागले होते. मग आलं पंचावन्न गॅलनचं तेलाचं पिंप. बेटावर खनिज तेल, शिवाय अमेरिकी नाविक तळ, त्यामुळे पिंपांना तोटा नव्हता. विन्स्टन 'स्प्री' सायमन, एली मॅनेट, अँथनी विल्यम्स, बर्टी मार्शल ही नावं इथे शाळेतली पोरं सांगतात. १९५१ मध्ये टास्पो नावाचा निवडक वादकांचा ताफा लंडनच्या महोत्सवात वाजवून आला, आणि मग घरच्या लोकांचेही कान टवकारले.

तोवर पॅन वाजवणारा म्हणजे टपोरी, असंच समजलं जाई. पथकांच्या मारामाऱ्या होत, पोलीस वाद्यं जप्त करत, बऱ्या घरची मुलं चोरून पॅनयार्डात, म्हणजे पथकांच्या सरावाच्या आवारात, जात. ही माहिती मला एका आवारात पॅन लावणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरानेच दिली, हातातली हातोडी न थांबवता. पॅनचा खरा हंगाम कार्निव्हलच्या आधीचा, जानेवारी-फेब्रुवारीचा, तेव्हा पॅनोरमा ही स्पर्धा असते. ऑगस्टमध्ये आवार निवांत होतं. चार-पाच शाळकरी मुलं एकच तुकडा पुन्हा पुन्हा घोटत होती.

त्यांचं चाललं होतं तेवढ्यात त्याने पॅन कसं बनतं ते दाखवलं. पिंपाचा तळ आधी घणाने ठोकून वाडग्यासारखा खोल करायचा. मग त्यावर सुरांच्या जागा आखून त्यांच्या कडा छिन्नीने ठोकून वेगळ्या करायच्या. पिंपाची हवी तेवढी उंची ठेवून बाकीचं कापायचं, विस्तवावर तापवायचं, आणि शेवटी एकेक सूर खालून-वरून टोले देत लावायचा. टेनर पॅनवर सूर ओळीने नसतात, वर्तुळात पंचमाच्या अंतराने मांडलेले असतात; ही मांडणी अँथनी विल्यम्सची. त्यामुळे जवळजवळचे सूर एकमेकांना साथ देतात. संगीतातलं मला फार कळत नाही, पण एका इंचभर जागेवर बरोबर टोला बसला की पत्रा गाऊ लागतो, आणि एक टोला जास्त पडला की तो पुन्हा पत्रा होतो, एवढं डोळ्यांनी दिसलं.

१९९२ मध्ये पॅन राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर झालं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरवला. कायद्याने राष्ट्रीय वाद्याचा दर्जा २०२४ मध्ये मिळाला. ज्याच्यामागे पोलीस लागत ते वाद्य आता कोलंबसाच्या जागी बसलं आहे. म्हाताऱ्याला याचं काय वाटतं विचारलं. "उशीर केला," तो म्हणाला, आणि पोरांवर ओरडला, कारण त्यांनी लय सोडली होती.

बुधवार, उत्तरेचे डोंगर

उत्तर किनाऱ्याचा रस्ता घाटाचा आहे, एका बाजूला जंगल, खाली समुद्र. चाकोनिया बघायला मुद्दाम ऑगस्ट निवडला होता. तो स्वातंत्र्यदिनाच्या, म्हणजे ३१ ऑगस्टच्या, सुमारास बहरलेला असतो, आणि हेच त्याच्या निवडीचं एक कारण सांगतात. हिरव्या उतारावर लाल तुऱ्यांच्या लांबच लांब माळा पसरलेल्या. जवळ गेल्यावर कळतं की लाल दिसतात त्या पाकळ्या नव्हेतच, ती मोठी झालेली निदलं. खरी फुलं पिवळी, बारीकशी, तुऱ्यात दडलेली. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात भूतकेस दिसतो ना, पिवळी-केशरी फुलं आणि बाजूला पानासारखं पांढरं निदल, तसाच हा प्रकार. नुसतं साम्य नाही, दोघंही कॉफीच्याच कुळातले.

सरकारी पुस्तिकांत चाकोनिया म्हणजे अखंड जळणारी ज्योत. नाव मात्र डॉन होसे मारिया चाकोन यांचं, बेटाचे शेवटचे स्पॅनिश गव्हर्नर. १७९७ मध्ये इंग्रजी आरमार आलं तेव्हा यांनी फारशी लढाई न देता बेट त्यांच्या हवाली केलं. शरण गेलेल्या गव्हर्नराच्या नावाचं फूल राष्ट्रीय फूल! यावर अजून कुणी विधेयक आणलेलं दिसत नाही. बागांमधून दिसतो तो दुहेरी चाकोनिया, भरगच्च लाल. तसं एक झाड १९५७ मध्ये रस्त्याकडेला जंगली वाढलेलं सापडलं, आणि आज दिसणारी दुहेरी झाडं त्याच्याच फांद्यांपासून केलेली आहेत.

हमिंगबर्ड एका घरगुती बागेत बघितले. साखरपाण्याच्या बाटल्या टांगलेल्या, आणि भोवती भांडणं. इतका लहान पक्षी इतका कजाग असेल असं वाटलं नव्हतं. पांढऱ्या मानेचा जॅकोबिन तर दुसऱ्या कुणाला बाटलीजवळ फिरकू देत नव्हता. मूळचे रहिवासी बेटाला हमिंगबर्डची भूमी म्हणत, असं इथे जो तो सांगतो. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. मराकस किनाऱ्यावर तळलेल्या पावात शार्क मासा घालून देतात. तो खाल्ला, त्यावर शॅडोन बेनीची हिरवी चटणी घातली (आपल्या कोथिंबिरीहून उग्र वासाची पानं), आणि परत फिरलो.

गुरुवार, वॉटरलू, कारापिचायमा, कारोनी

मध्य त्रिनिदादमध्ये रस्ता ऊसमळ्यांच्या जुन्या सपाटीतून जातो आणि घरांचे अंगण बदलतात. अंगणात बांबूच्या काठीवर लाल, पिवळी, पांढरी तिकोनी निशाणं: झंडी. पूजा झाली की झंडी लावायची, ती फाटेपर्यंत तशीच. ३० मे १८४५ रोजी फतेल रझाक हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशे माणसं घेऊन इथे लागलं. पुढे १९१७ पर्यंत मजूर येत राहिले, बहुतेक भोजपुरी-अवधी मुलखातले. नाश्त्याला रस्त्यावर डबल्स खाल्ले: 'बारा' नावाचे दोन मऊ तळलेले पाव, मध्ये चण्याची पातळ भाजी. विक्रेत्याने तिखट किती विचारलं, नवऱ्याने मराठी अभिमानाने "भरपूर" सांगितलं, आणि मग अर्धा तास तो शांत होता.

वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ शिवदास साधू या ऊसमजुराने उभारलं. आधी १९४७ मध्ये त्यांनी किनाऱ्यावर मंदिर बांधलं, पण जमीन साखर कंपनीची. १९५२ मध्ये ते पाडलं गेलं, साधूंना चौदा दिवस तुरुंग आणि वर दंड. जमिनीवर बांधू देत नाहीत ना, मग समुद्रात बांधतो, म्हणून ते सायकलवरून दगड-सिमेंट नेऊन भरती-ओहोटीच्या चिखलात भर घालू लागले आणि वर्षानुवर्षं तेच करत राहिले. आजची इमारत १९९० च्या दशकातली, सरकारनेच बांधून दिलेली.

तिथून जवळच कारापिचायमाला दत्तात्रेय योग केंद्र, पुढ्यात ८५ फुटी हनुमान. गुरुवारी दत्ताचं दर्शन, तेही कॅरिबियनमध्ये! हात आपोआप जोडले गेले. पीठ म्हैसूरचं, आपल्या गाणगापूर-नरसोबाच्या वाडीच्या परंपरेशी थेट संबंध नाही, पण तीन शिरांची मूर्ती बघून तेवढा हिशोब कोण करतो.

इथेच मला ट्रिनिटी क्रॉसची आठवण झाली. १९६९ पासून देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान ट्रिनिटी क्रॉस नावाने दिला जाई. हिंदू आणि मुस्लिम नागरिकांचं म्हणणं, हे नाव आणि हा क्रूस उघड ख्रिस्ती आहे. देशाची सेवा करून तो आम्ही छातीवर लावायचा कसा? राष्ट्रगीतात तर स्पष्ट आहे की इथे प्रत्येक पंथाला आणि वंशाला समान जागा आहे. सनातन धर्म महासभा कोर्टात गेली, मुस्लिम संस्थाही. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने हा सन्मान भेदभाव करणारा ठरवला, २००८ मध्ये त्याच्या जागी 'ऑर्डर ऑफ द रिपब्लिक' आला, आणि २००९ मध्ये प्रिव्ही कौन्सिल या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयानेही अर्जदारांच्या बाजूने कौल दिला. मला हे प्रकरण कोलंबसापेक्षा मोठं वाटतं. जहाजं सरकारने काढली. क्रूस नागरिकांनी, राष्ट्रगीतातली ओळ शब्दशः धरून, काढायला लावला. ते राष्ट्रगीतही गमतीचं: पॅट्रिक कास्टान्ये यांनी ते मुळात वेस्ट इंडीज फेडरेशनसाठी, म्हणजे इथल्या ब्रिटिश बेटांच्या संघासाठी, रचलं होतं. फेडरेशन १९६२ मध्ये मोडलं, गीत या देशाच्या कामी आलं.

दुपारी चारला कारोनीच्या पाणथळीत नाव सुटते. कांदळवनातून अरुंद कालवा. फांदीवर वेटोळं घालून झोपलेला अजगराच्या जातीचा साप, मुळांवर खेकडे, पाण्याच्या पृष्ठभागावर अर्धे डोळे वर ठेवून पोहणारे चार डोळ्यांचे मासे. मग नाव मोकळ्या पाण्यात येऊन थांबते. समोरच्या हिरव्या बेटावर आधी एक लाल ठिपका आला, मग सात-आठ, मग थवेच. तो लाल रंग फोटोत खोटा वाटतो, आणि प्रत्यक्षातही पहिली काही मिनिटं खोटाच वाटतो. पिल्लं राखी-तपकिरी असतात. खेकडे-कोळंबी खाता खाता त्यांतल्या रंगद्रव्याने पिसं लाल होतात. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला तो आहार मिळाला नाही तर तो फिका पडतो.

हा राष्ट्रीय पक्षी लोक चोरून मारतात आणि खातात, हे आमच्या नावाड्याने खाली मान घालून सांगितलं. २०१८ मध्ये त्याला विशेष संरक्षण मिळालं: एक लाख त्रिनिदादी डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. एका पक्ष्यासाठी एवढा मोठा दंड? नावाडी म्हणाला की तो दंड होता म्हणून आज एवढे थवे दिसले. खरं-खोटं त्यालाच ठाऊक, पण त्याचं पोट या पक्ष्यांवर आहे, तो मोजत असणार.

शुक्रवार, टोबॅगो

विमानाने पंचवीस मिनिटं. टोबॅगोत पाऊस, त्यामुळे मेन रिजच्या जंगलात चिखलातून जेमतेम तासभर चाललो. हे जंगल १७७६ पासून कायद्याने राखलेलं आहे, कारण झाडं राहिली तर पाऊस राहील हे तेव्हाच कुणाला तरी पटलं होतं. बाकी दिवस झोपेत.

शनिवार, स्पेसाइड आणि लिटल टोबॅगो

पहाटे पाच-साडेपाचला कोक्रिकोने उठवलं. एक ओरडतो, मग शेजारच्या झाडावरचा, मग सगळी टेकडी. हे नाव त्याने स्वतःच ओरडून ठेवलेलं आहे. शराटी मिरवायला, कोक्रिको उठवायला, अशी दोन बेटांत वाटणी झाली असावी. त्रिनिदादमध्ये हा पक्षी नाही. टोबॅगोला त्याचा मान म्हणून तो ढालीशेजारी उभा आहे.

स्पेसाइडहून काचेच्या तळाच्या होडीने लिटल टोबॅगोला गेलो. शंभर डॉलरच्या नोटेवर लांब सोनेरी पिसांचा स्वर्गीय पक्षी आहे, तो या बेटाचा. पण हा न्यू गिनीकडचा पक्षी इथे कसा? सर विल्यम इनग्रॅम या इंग्रज धनिकाने १९०९ मध्ये अरू बेटांवरून तो आणून इथे सोडला, कारण बायकांच्या टोप्यांवरच्या पिसांपायी तिकडे त्याची कत्तल चालली होती. काही दशकं ते तगले. १९६३ च्या फ्लोरा चक्रीवादळाने जंगल झोपवलं, आणि पुढच्या वर्षांत पक्षीही संपले. देशातल्या सगळ्यात मोठ्या नोटेवर परदेशातून आणलेला आणि देशात आता नसलेला पक्षी! नवरा म्हणाला, "अगं, निदान याच्यावर तरी कुणी भांडत नसेल."

कोक्रिकोवर मात्र भांडण आहे. परतल्यावर घरमालकीणबाईंनी परसातली पपई दाखवली, अर्धी टोचून खाल्लेली. टोमॅटोही गेले होते. टोबॅगोचे शेतकरी वर्षानुवर्षं तक्रार करतात की हा पक्षी पिकं फस्त करतो आणि राष्ट्रीय म्हणून त्याला हातही लावता येत नाही. मी विचारलं, कोलंबसाची जहाजं काढली तशी याला काढायचं ठरलं तर त्याच्या जागी काय ठेवाल? बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "क्रॅब अँड डंपलिंग," म्हणाल्या. खेकड्याचं रस्सेदार कालवण आणि उकडलेल्या पिठाचे गोळे, टोबॅगोचा अभिमान. स्टोअर बे किनाऱ्यावरच्या टपऱ्यांत चांगलं मिळतं, दुपारी उशिरा संपतं, आत्ताच निघा, असंही त्यांनी सांगितलं. आम्ही निघालो.